एकांतासाठी लोणावळ्याला

लोणावळ्याला लोक हवा खायला जातात. मुंबईचे शेटजी जातात, पुण्याचे वकील जातात, खोकला झालेले जातात आणि खोकला होईल अशी धास्ती घेतलेलेही जातात. मी नगरहून गेले ती मात्र प्रार्थना करायला. प्रार्थनेसाठी एवढं तिकीट कशाला काढायचं, असं आमच्या मास्तरांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, विचारलंच होतं. तेव्हा आधी कारण सांगते. नाहीतरी ते आमच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे.

आमच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी स्त्रियांची प्रार्थनासभा भरते. ती बरीच वर्षं मीच चालवते. एका गुरुवारी सगळ्याजणी डोळे मिटून बसल्या होत्या आणि मी मोठ्याने प्रार्थना करत होते. "हे दयाळू बापा, आमच्या अंतःकरणाची दारं उघड," इथवर ठीक चाललं होतं. पण दार म्हटल्याबरोबर माझं मन जे घरी पळालं, ते तोंडालाही बरोबर घेऊन गेलं. त्याच गंभीर सुरात मी म्हटलं, "आणि मागच्या दाराला कडी घाल, नाहीतर मांजर आत येईल." दोघीतिघींनी सवयीने "आमेन" म्हणून टाकलं. मग मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी सभाच हसत सुटली.

घरी येऊन मास्तरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मांजर येऊन गेलं की! सायही खाऊन गेलं."

मी चारचौघींत हसून वेळ मारून नेली, पण आतून फार घाबरले. कारण ही एका दिवसाची गोष्ट नव्हती. कित्येक महिने माझं तोंड प्रार्थना करत होतं आणि मन डाळीच्या डब्यापाशी, मुलांच्या फाटक्या सदऱ्यांपाशी, नाहीतर थोरलीच्या लग्नापाशी फिरत होतं. देवाशी बोलताना ज्याचं चित्त जाग्यावर नसतं, त्याने दुसऱ्यांच्या वतीने देवापुढे उभं कसं राहावं? पुढे दुःखसहनाच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या, आठवड्यातली मोठी सभा येत होती. तिला आसपासच्या खेड्यांतल्या बायका गाड्या जुंपून येतात. मी चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नीला, आमच्या पाळकीणबाईंना, म्हटलं, या वेळी दुसरी कुणी बघा. त्या म्हणाल्या, "रूथबाई, चार दिवस कुठेतरी एकांतात जाऊन या आणि मग काय ते सांगा." आमच्या शाळेच्या एका निवृत्त मिसबाईंची लोणावळ्याला दोन खोल्यांची बंगली रिकामी होती. तिची किल्ली मिळाली. मी मनाशी ठरवलं, तिथेही मन बसलं नाही, तर हे काम कायमचं खाली ठेवायचं.

बंगली

गाडीच्या प्रवासाचं काही सांगत नाही. लढाईचे दिवस आहेत, गाडीत शिपाई आणि त्यांच्या वळकट्या किती असतात ते सगळ्यांना माहीत आहे. लोणावळ्याला उतरले आणि पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर झाडं. आमच्या नगरला झाड दिसलं की आपण त्याच्याखाली थांबतो. इथे कोणाकोणाखाली थांबायचं? आमच्याकडची घरं मातीच्या सपाट धाब्याची, इथली सगळी उतरत्या कौलांची नाहीतर पेंढ्याची. पावसाळ्यात इथे काय कोसळत असेल, ते त्या उतारांवरूनच कळत होतं.

बंगली गावाबाहेर, कुसगावच्या बाजूला होती. तिची राखण करणारी हौसामावशी कुसगावचीच शेतकरीण. घरची भातखाचरं सांभाळून दोन्ही वेळा बंगलीवर पाणी आणि दूध घेऊन यायची. अंगाने काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि समोरच्याकडे एकदा बघितलं की त्याचं सगळं माप घेऊन मोकळी.

"येकल्याच आल्या व्हय बाई?" तिने मला दारातच विचारलं. "मालक न्हाई, पोरं न्हाईत? भांडून आलाय का?"

"भांडून नाही हो मावशी. जरा शांतपणे प्रार्थना करायला आले आहे."

"मंग घरी काय गोंगाट हाय?"

मी म्हटलं, आहे. तिने मान हलवली. तिचा विश्वास काही बसला नाही. भांडूनच आली आहे, असं तिने मनात पक्कं केलं आणि त्या दिवसापासून माझ्यावर जास्तच माया करायला लागली.

दुपारी तिने घरून तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आणली. आम्ही नगरकर ज्वारीवर वाढलेले. तांदळाची भाकरी म्हणजे आजाऱ्याचं खाणं, अशी माझी समजूत. पण ही पांढरीशुभ्र, पातळ, मऊसूत भाकरी पाहून तोंडाला पाणी सुटलं. ओट्यावर पान मांडलं आणि डोळे मिटून आशीर्वाद मागायला सुरुवात केली. घरी मुलं चुळबुळतात म्हणून आशीर्वाद आटोपता घ्यावा लागतो. इथे कसली घाई? मी अन्नाबद्दल उपकार मानले, मग मंडळीसाठी मागितलं, पाळकसाहेबांच्या दम्यासाठी मागितलं, देशासाठी मागितलं, लढाईवरच्या सर्व शिपायांसाठी मागितलं. मन इतकं छान लागलं होतं, की आता आपण जिंकलोच असं मला वाटायला लागलं.

"बाई, डोळं उघडा वो! माकडानं भाकर न्हेली!"

डोळे उघडले तर समोर रिकामं पान, आणि जांभळाच्या फांदीवर बसून एक थोराड वानर माझा आशीर्वाद घेतलेली भाकरी शांतपणे खात होतं. हौसामावशी पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसले. उरलेल्या चटणीवर मी नुसतं "आमेन" म्हटलं.

"तुमच्या देवाला उघड्या डोळ्यांनी सांगितलेलं ऐकू जात न्हाई का?" तिने विचारलं. चेष्टा नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"जातं की. पण डोळे उघडे असले की आमचंच लक्ष जातं इकडेतिकडे."

"आन् झाकल्यावर भाकर जाते," ती म्हणाली आणि दुसरी भाकरी आणायला गेली.

शांतता

दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा सुरू झाली. पहाटे उठून मी पवित्र शास्त्र घेऊन पडवीत बसले. समोर डोंगर, धुकं अजून खाली रेंगाळलेलं, कुठे चिटपाखरू नाही. मागितली होती तेवढी शांतता देवाने पदरात घातली होती. मी डोळे मिटले आणि माझ्या मनाने बाजार मांडला.

कपाटाची किल्ली मास्तरांना सापडली असेल का? लोणच्याच्या बरणीवर फडकं बांधलं का? धाकट्याने परवचा म्हटला का? हे विचार हुसकले, तर गेल्या नाताळात जाऊबाई काय बोलल्या ते आठवलं. तेही हुसकलं, तर त्यांना तेव्हा काय उत्तर द्यायला हवं होतं ते इतक्या महिन्यांनी आत्ता सुचलं, आणि इतकं झकास सुचलं की मी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं. घरी असताना वाटायचं, पाच माणसं माझं मन पाच बाजूंना ओढतात. इथे कुणी ओढायला नव्हतं तर मी एकटीच ते पन्नास ठिकाणी पळवत होते. मला माझी अगदी लाज वाटली. मास्तर बिचारे, मुलं बिचारी, आणि ते मांजरही बिचारं. सगळा दोष मी त्यांच्यावर टाकून मोकळी झाले होते.

बसून भागेना म्हणून दुपारी चालायला बाहेर पडले. वाटेवर पांगारा लालभडक फुलला होता. खाचरांतून ठिकठिकाणी धूर निघत होता. पेरणीच्या जागी शेण, पाला, गवत पसरून ते जाळतात आणि त्या राखेत पुढे भाताचं रोप टाकतात. त्याला इथे राब भाजणं म्हणतात. धुराचा वास कडू नव्हता, शेणीच्या चुलीसारखा ओळखीचा होता. त्या वासाने मला भूक लागली, आणि प्रार्थनेच्या शोधात निघालेली बाई पुन्हा जेवणाचा विचार करू लागली.

पुढच्या वळणावर इब्राहिमभाई भेटले. म्हणजे भेटले असं म्हणता येणार नाही, ते नमाज पढत होते. हे लोणावळ्याचे पाववाले, पत्र्याची पेटी सायकलला बांधून बंगल्याबंगल्यांतून पाव आणि नानकटाई विकणारे. आदल्या दिवशी माझ्याकडेही येऊन गेले होते. आंब्याखाली पंचा अंथरून ते उभे होते आणि पेटी बाजूला झाकण उघडं टाकून ठेवलेली होती. एक गाय तिच्याकडे सरकत होती.

मला वानर आठवलं. त्यांच्या प्रार्थनेत तर व्यत्यय नको, म्हणून मी न बोलता गाईला आडवी जाऊन उभी राहिले. गाय डावीकडे वळली की मी डावीकडे, ती उजवीकडे गेली की मी उजवीकडे. तोंडाने हाड्‌हुड करायची सोय नव्हती. शेवटी तिने माझा पदर चावायला घेतला. तेवढ्यात इब्राहिमभाईंची नमाज झाली. ते धावत आले आणि त्यांनी गाईला हाकललं.

"उपकार झाले बाई," ते म्हणाले.

"तुमचं लक्ष इतकं लागलं होतं, म्हटलं मोडू नये."

इब्राहिमभाईंनी पंचा झटकला आणि ओशाळं हसले. "खरं सांगू का? मला गाय दिसत होती. पहिल्यापासून. सगळी नमाज मी गाईकडे बघूनच पढलो."

मला इतकं हसू आलं की मला वाटेवरच्या दगडावर बसावं लागलं. मग मीही त्यांना मागच्या दाराच्या कडीची आणि मांजराची हकिकत सांगितली. इब्राहिमभाई मोठ्याने हसले. "म्हणजे तुमचं तोंडातून निघालं आणि माझं आत राहिलं, एवढाच फरक!"

"मग तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं तर. आमचे वडील असे नव्हते. ते उभे राहिले की अंगावर साप चढला तरी कळायचं नाही. मी पाववाला, माझं अर्धं चित्त पेटीत." त्यांनी मला दोन नानकटाया दिल्या आणि पैसे घेईनात. तो माणूस सायकलवर बसून निघून गेला, तेव्हा मला फार बरं वाटलं. माझं मन काही सुधारलं नव्हतं, पण जगात आपल्यासारखं दुसरं कुणी आहे हे कळल्यानेही माणसाला हुशारी येते.

कुसगाव

तिसऱ्या दिवशी हौसामावशी आलीच नाही. सकाळी दूध नाही, दुपारी पाणी नाही. मला वाटलं, राब भाजायची घाई असेल. पण ऊन उतरलं तरी तिचा पत्ता नाही, तेव्हा मी विचारत विचारत कुसगावात तिच्या घरी गेले.

दारात तिची नात ठकी, दोन-अडीच वर्षांची, धुळीत खेळत होती. आत मावशी चुलीपुढे बसली होती आणि चूल थंड होती. सून शेतावर गेलेली. मला बघून मावशी उठलीसुद्धा नाही.

"काय झालं मावशी? बरं नाही का?"

"पल्याडच्या गावात तार आली, बाई," ती म्हणाली. "जाधवांचा पोरगा गेला लढाईत. माझा कोंडिबा बी तितंच हाय. वाळूच्या मुलखात. दिवाळीपासून त्येचं कायबी कळल्यालं न्हाई."

इतके दिवस तिने मुलाचं नावही काढलं नव्हतं. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"आमच्या आईला सांगून झालं," ती कार्ल्याच्या डोंगराकडे हात करून म्हणाली. तिकडे एकवीरेचं देऊळ आहे. "खंडोबाला सांगून झालं. आता तुमी तुमच्या देवाला सांगा. तुमी तर त्येच्यासाठीच आलाय ना हितं?"

अशा वेळी दोन शब्द उपदेशाचे बोलावेत असं आम्हाला शिकवलेलं असतं. मला एकही शब्द सुचला नाही आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. मी डोळे मिटले. "हे स्वर्गीय बापा, लढाईवर असलेल्या या कोंडिबाचं रक्षण कर," मी सुरुवात केली.

"कोंडू म्हना," मावशी मध्येच म्हणाली. "घरात कोंडूच म्हनत्यात त्येला."

"कोंडूचं रक्षण कर. तो जिथे असेल तिथे त्याच्याबरोबर राहा."

"त्येच्या उजव्या पायाला कुरूप हाय. बूट चावत असंल. ते सांगा."

मी ते सांगितलं. तेवढ्यात ठकी आत आली आणि माझ्या मांडीवर चढून बसली. तिच्यामागून एक कोंबडी आली. बाहेरून कुणी शेजारीण विस्तव मागायला आली आणि मावशीने तिला "चूल पेटली न्हाई गं" म्हणून तिथूनच परत पाठवलं.

"त्येला भूक लय लागते," मावशी माझ्याकडे वळून म्हणाली. "आन् थंडी सोसत न्हाई. वाळूत रातीला गारठा असतोय म्हनं."

"प्रभू, त्याला पोटभर अन्न मिळू दे. पांघरूण मिळू दे."

"त्येच्यासंगं उर्शा गावचा येक पोरगा हाय, बाई. त्येला आई न्हाई. त्येचं बी घ्या."

स्वतःच्या मुलाच्या काळजीने जिने सकाळपासून चूल पेटवली नव्हती, ती दुसऱ्याच्या पोरक्या मुलाला विसरली नव्हती. किती वर्षं मी "सर्व शिपायांसाठी" एका दमात प्रार्थना करून पुढच्या विषयाला लागत होते! त्यातल्या एकालाही पाय नव्हते, भूक नव्हती, आई नव्हती. मी उर्शाच्या त्या मुलासाठी मागितलं, आणि ज्याची तार आली त्या जाधवांच्या घरासाठी मागितलं. गाल ओले झाले होते, ठकी माझ्या गळ्यातली माळ ओढत होती, कोंबडी पायाशी टोचा मारत होती. हे सगळं मला कळत होतं आणि तरी मी कुठेही गेले नव्हते. मी तिथेच होते, देवापुढे आणि हौसामावशीच्या शेजारी.

मी थांबले तेव्हा मावशी म्हणाली, "मी बोलू का? तुमच्या देवाला काय म्हनायचं असतं?"

"आम्ही बाप म्हणतो."

"मंग मी आबा म्हनते." तिने डोळे मिटले नाहीत. थंड चुलीकडे बघत, गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्याशी बोलावं तशी ती म्हणाली, "आबा, माझा कोंडू घरी आना. मला दुसरं काय नगं." मग जरा थांबून, "त्या उर्शाच्याला बी आना."

मी "आमेन" म्हटलं. तिने त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, "तसंच होवो." मग तिनेही तो शब्द एकदा म्हणून पाहिला.

त्यानंतर ती उठली, चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या. सुकट परतली, कच्च्या करवंदांचं लोणचं काढलं. ताट माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "झाका डोळं बाई. मी राखते भाकर." त्या दिवसातली ती पहिली थट्टा. आणि ती स्वतःही जेवली, म्हणून मला ते जेवण जास्तच गोड लागलं.

निरोप

स्टेशनवर हौसामावशी मला पोचवायला आली. हातात घरच्या आंबेमोहोराची पिशवी. तांदळाचा वास पिशवीतून बाहेर येत होता आणि फलाटावरचे लोक वळून बघत होते. मी मुलांसाठी चिक्की घेतली होती. हा तांदूळ पाहून तिची किंमतच उतरली.

"मालकाशी भांडू नका आता," तिने सांगितलं.

"भांडले नव्हते हो मावशी."

"बरं." तिचं मत बदललं नव्हतं. मग गाडी आल्यावर तिने माझा हात धरला. "तुमी पुन्यांदा कवा बसनार देवापुढं?"

मी म्हटलं, गुरुवारी, गाई घरी येतात त्या वेळेला.

"मंग मी बी बसते. तुमी तितं, मी हितं. कोंडूचं नाव मातर इसरू नका."

नगरला परतल्यावर मी पाळकीणबाईंना काही सांगायला गेलेच नाही. गुरुवारी सरळ त्या मोठ्या सभेला जाऊन पुढे उभी राहिले. चर्च भरलं होतं. दाराशी खेड्यांतल्या बायका मुलांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या, एकीचं रडत होतं, एकीचं खोकत होतं. मांजराची आठवण असलेल्या दोघीतिघी माझ्याकडे बघून हळूच हसल्याही. मी प्रार्थना सुरू केली आणि कोंडूचं नाव घेतलं. त्याच्या पायाचं कुरूप सांगितलं, भूक सांगितली, उर्शाच्या मुलाला आई नाही ते सांगितलं. कुणी हसलं नाही. मग मागून कुणीतरी दबक्या आवाजात आपल्या भावाचं नाव घेतलं. तिच्या पलीकडून एकीने आपल्या मुलीचं घेतलं, आणि मग नावं येतच राहिली.

बाहेर गुरं परतत होती, त्यांच्या घंटा ऐकू येत होत्या. त्या ऐकता ऐकता माझं मन नेहमीसारखं सभेतून उठलं आणि चालायला लागलं. ते थेट कुसगावला गेलं, आणि हात धुऊन चुलीपुढे बसलेल्या हौसामावशीच्या शेजारी जाऊन बसलं. मी त्याला परत बोलावलं नाही.